अर्धा किलो शिंपले म्हणजे नेमके काय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एकाच पानावर दोन मजकूर आले. वर आरोग्याच्या सदरात ‘शिंपल्यांची ॲलर्जी’ हा लेख आणि खाली ‘शिंपल्यांचे सुके’ ही पाककृती. पाककृतीत साहित्याची पहिलीच ओळ ‘शिंपले अर्धा किलो’. शब्द एकच आणि दोन्हीकडे चुकीच्या जागी बसलेला. वरच्या लेखात तो इंग्रजी ‘शेलफिश’चे भाषांतर म्हणून आला आहे, म्हणजे कोळंबी, खेकडे, शेवंड, तिसऱ्या, कालवे असे सगळे त्यात कोंबले आहे. खालच्या पाककृतीत तो कोणत्या प्राण्यासाठी आला आहे, हे कोकणातल्या सुगरणीलाही सांगता येणार नाही. ही शुद्धलेखनाची तक्रार नाही. पहिल्या चुकीने एखाद्याच्या घशाला सूज येऊ शकते आणि दुसरीने चार माणसांच्या ताटात दोन दोन चमचे सुके पडते, म्हणून हे पत्र.

मराठीत शिंपला म्हणजे आधी कवच. पाली-प्राकृतातल्या ‘सिप्पी’च्या घरची शिंप, शिंपी, शिंपला, शिंपली ही भावंडे, हिंदीतली सीपही त्यातलीच. संस्कृतातली ‘शुक्ति’ही कवचच. वेदान्तात शुक्तिरजताचा दृष्टान्त देतात, शिंपी पाहून चांदीचा भास होतो तो. तिथे सगळा प्रश्न कवचाच्या चकाकीचा आहे, आतल्या जिवाशी कोणाला घेणेदेणे नाही. रोजच्या व्यवहारातही तसेच. मुले वाळूत वेचतात ते शिंपले रिकामे असतात. चुन्याच्या भट्टीवर शिंपल्यांची गाडी आली म्हणजे कवचांचा ढीग आला. कवच जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेट. ते ९०० अंश सेल्सियसच्या आसपास भाजले की कळीचा चुना होतो, पाण्यात विरतो आणि तोच विड्याच्या पानाला लागतो. वैद्याकडचे शुक्तिभस्म म्हणजेही कवचाचे भस्म.

कवचाच्या आत जे खायचे असते, त्याला किनाऱ्याने वेगळी नावे दिली आहेत आणि ती गावागणिक बदलतात. मालवण-वेंगुर्ल्याकडे तिसऱ्या, गोव्यात कोकणीत तिसऱ्यो, रत्नागिरीकडे मुळे, रायगड आणि मुंबईत शिवल्या किंवा शिंपल्या. लिंगाकडे लक्ष द्यावे: खायच्या त्या शिंपल्या, स्त्रीलिंगी. खेळायचे आणि भाजायचे ते शिंपले, पुल्लिंगी. एका काना-मात्रेने जेवणाचे खेळणे होते. या नावांखाली एकच जात येते असेही नाही. पॅफिया मलबारिकाच्या कवचावर बारीक समांतर रेषा बोटाला लागतात. मेरेट्रिक्सचे कवच जाड, तिकोनी आणि भांडे घासल्यासारखे गुळगुळीत. स्वयंपाकाच्या दृष्टीने दोघींचा धर्म एकच, त्यामुळे दोन्ही तिसऱ्याच.

खुबे मात्र वेगळे. ते फुगीर, जाड पाठीचे, आतले मांस घट्ट. शिनाणे त्याहून वेगळे: लांबट, हिरवट-काळे, खडकाला स्वतःच्या चिवट धाग्यांनी धरून बसलेले. शिजवण्याआधी हे धागे, म्हणजे त्यांची दाढी, ओढून काढावे लागतात. कालव तर खडकाचाच भाग होऊन जाते. त्याचे खालचे झाकण दगडाला सिमेंट लावल्यासारखे बसलेले असते. काढणारी बाई बहुधा वरचे झाकण लोखंडी हत्याराने फोडून आतले मांस तिथेच पाण्याच्या भांड्यात घेते. म्हणून बाजारात तिसऱ्या कवचासकट मिळतात आणि कालवे बहुतेक वेळा सोललेली. या एका फरकावर पाककृतीतले सगळे वजन फिरते. त्याकडे पुढे येतो.

त्याआधी छपाईविषयी थोडे, कारण हा विषय आपल्या मुद्रितशोधकांच्या टेबलावरून जातो. खाडीतल्या या खाण्याची नावे आणि रोजची दुसरी नावे यांची विलक्षण गल्लत होते. तिसरी म्हणजे दुसरीनंतरची. मुळा म्हणजे कंद. शिंपी म्हणजे कपडे शिवणारा (तो ‘शिल्पी’पासून आलेला, शिंपीशी त्याचे नाते नाही). आणि कालवे म्हणजे पाटबंधारे खात्याचे. कालव हा शब्द नपुंसकलिंगी. बोलीत अनेकवचन ‘कालवं’, प्रमाण लेखनात ‘कालवे’, जसे घर-घरे. पाण्याचा कालवा पुल्लिंगी, त्याचेही अनेकवचन ‘कालवे’. वाचकाने ओळखायचे कसे? क्रियापदावरून. ‘कालवे काढली’ म्हणजे खडकावरची, ‘कालवे काढले’ म्हणजे धरणाचे. सामान्यरूपही वेगळे होते: कालवांचे सुके, पण कालव्यांची दुरुस्ती. आपल्याकडे ‘कालव्यांचे सुके’ छापून येते तेव्हा कोणी तरी धरणाचा कालवा फोडणीला टाकलेला असतो. तीच गत शिंपीची: कवच असेल तर ‘शिंपीने’, दर्जी असेल तर ‘शिंप्याने’. ‘तिसऱ्या’तला ऱ्य नेहमी डोळ्याच्या पापणीसारख्या अर्ध्या र चा. ‘तिसर्या’ असे रफाराने छापले की उच्चारच बदलतो. दर्या आणि दऱ्या जसे एक नाहीत, तसेच हे. आणि ‘कालवण’ हा शब्द कालवापासून आला, असे अधूनमधून कोणी लिहून पाठवतो, तेही छापू नये. कालवण हे कालवणे या क्रियापदापासून, भातात बोटांनी कालवायचे ते. वरणाचेही कालवण होते.

आता ॲलर्जीचा लेख. इंग्रजीतले ‘शेलफिश’ हे पोते आहे. त्यात दोन अगदी वेगळी कुळे भरली आहेत. एक संधिपाद: कोळंबी, करंदी, जवळा, शेवंड, खेकडे, चिंबोऱ्या. दुसरे मृदुकाय: तिसऱ्या, खुबे, शिनाणे, कालवे, आणि बाहेर कवच नसूनही माकूल. माकुलाच्या पाठीत पारदर्शक काडी असते आणि त्याच्या भावकीतल्या कटलफिशच्या पाठीतला पांढरा फळीसारखा तुकडा म्हणजे पिंजऱ्यातल्या पोपटाला चोच घासायला लावतात तो समुद्रफेन. मराठीत या दोन कुळांसाठी मिळून एक शब्द नाही आणि नाही तेच बरे. असता तर हा गोंधळ रोजचा झाला असता.

संधिपादांच्या ॲलर्जीत शरीर ज्या प्रथिनावर प्रामुख्याने उठते ते म्हणजे ट्रोपोमायोसिन. ते कोळंबीत असते आणि तिसरीतही असते, पण दोघींतले हुबेहूब सारखे नाही. म्हणून काहींना दोन्ही कुळे बाधतात, काहींना फक्त कोळंबी-खेकडे आणि काहींना फक्त शिंपल्या-कालवे. यातले पहिले कुळ जास्त लोकांना त्रास देते. आता आपल्या लेखाचा वाचक डोळ्यांपुढे आणा. त्याला कोळंबी बाधते, हे त्याला अजून माहीत नाही. ओठ सुजतात, अंगावर पित्त उठते, एवढेच कळते. मथळा वाचून तो तिसऱ्या सोडतो आणि जवळ्याची चटणी, सोड्यांची खिचडी, करंदीची भजी आनंदाने खात राहतो. लेखात पुढे एका वाक्यात ‘इतर कवचधारी प्राणी’ आले आहेत, पण कोळंबी, जवळा, सोडे हे शब्द कुठेही नाहीत. मराठी घरात जवळ्याला कोणी प्राणी म्हणत नाही. तो डब्यात असतो, मसाल्यांच्या शेजारी.

लेखातला आणखी एक सल्ला ‘नीट शिजवून खावे’ हा. ॲलर्जीसाठी तो निरुपयोगी आहे. ट्रोपोमायोसिन उष्णतेने मोडत नाही. उलट पाण्यात उतरते, म्हणून कोळंबी वेचून बाजूला काढलेली आमटीही चालत नाही आणि ज्या तेलात करंदीची भजी तळली त्यातले बटाट्याचे कापही नाहीत. तीव्र ॲलर्जीच्या माणसाला उकळत्या भांड्यावरच्या वाफेनेही त्रास होऊ शकतो. धुळीतले सूक्ष्म कीटक आणि झुरळे यांच्यातही याच प्रकारचे प्रथिन असते, त्यामुळे धुळीची ॲलर्जी असलेल्यांच्या तपासणीत कोळंबीही ‘सकारात्मक’ दिसू शकते. केवळ त्या कागदावरून कोणी खाणे सोडू नये, डॉक्टरांना प्रत्यक्ष लक्षणे सांगावीत. सुरमई, पापलेट यांची ॲलर्जी हा तिसराच प्रकार. तिथले मुख्य प्रथिन पार्व्हाल्ब्युमिन, त्याचा कोळंबीशी संबंध नाही. आणि समुद्री खाण्याची ॲलर्जी म्हणजे आयोडीनची ॲलर्जी, हा समज तर लेखात नसता तर बरे झाले असते. आयोडीन मिठातही आहे. खाल्ल्यावर श्वास अडकू लागला, आवाज घोगरा झाला, चक्कर आली, तर घरगुती उपाय करत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. एवढे एक वाक्य ठळक अक्षरात हवे होते.

पाकिटांच्या बाबतीत शब्दाचा घोळ कायद्यापर्यंत जातो. आपल्या देशात २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार ज्या पदार्थांची ॲलर्जीची सूचना पाकिटावर वेगळी द्यावी लागते, त्यांत संधिपाद आहेत, मासे आहेत, पण मृदुकाय नाहीत. युरोपीय संघाच्या १४ पदार्थांच्या यादीत दोन्ही कुळे स्वतंत्र नोंदली आहेत. म्हणजे कालवे बाधणाऱ्या माणसाने आपल्याकडच्या ऑयस्टर सॉसच्या बाटलीवर ॲलर्जीच्या चौकटीत शोधून भागणार नाही. घटकांची बारीक अक्षरातली सगळी यादी वाचावी लागेल. कोळंबी बाधणाऱ्याला मात्र ती चौकट उपयोगी आहे. हा फरक ‘शिंपल्यांची ॲलर्जी’ या शब्दांत सांगताच येत नाही.

पाककृतीकडे वळतो. ‘शिंपले अर्धा किलो.’ कवचासकट की सोललेले? कवचासकट एक किलो तिसऱ्या घेतल्या तर आतले मांस साधारण शंभर ग्रॅम, हंगाम चांगला असेल तर थोडे जास्त. म्हणजे कवचासकट अर्धा किलोत पन्नास-साठ ग्रॅम मांस. ते चौघांत वाटायचे. उलट वाचकाने शीतपेटीतले सोललेले मांस अर्धा किलो आणले तर ते चार-पाच किलो तिसऱ्यांचे झाले आणि पाककृतीतला दोन चमचे मसाला त्यात हरवून जाईल. दहा पटीचा फरक एका शब्दाने पडतो. चौघांच्या सुक्यासाठी कवचासकट एक ते दीड किलो लागतात. बाजारात किलोवर नसतील तर वाट्यावर असतात. मग वाटा मोठा की लहान हे न पाहता कवचे हलकी वाजतात का ते पाहावे. मूठभर उचलून हलवल्यावर दगडासारखा भरीव आवाज आला तर चांगल्या, खुळखुळा वाजला तर आत सुकलेल्या किंवा मेलेल्या.

तिसरी विकत घेताना जिवंत हवी. तोंड घट्ट मिटलेले असावे. थोडे उघडे असेल तर दुसऱ्या तिसरीने त्यावर टकटक करावे, ती मिटली तर जिवंत. न मिटली तर टाकावी, फुटलेलीही टाकावी. आपल्या पाककृतीत पुढे ‘रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवा’ असे आहे. असे केले तर सकाळी भांड्यातून वास येईल. खाडीतला जीव नळाच्या पाण्यात तोंड मिटून घेतो, वाळू सोडत नाही आणि शेवटी गुदमरतो. वाळू सोडवायची तर लिटरभर पाण्याला २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन सपाट मोठे चमचे जाडे मीठ विरघळवावे. भांडे पसरट असावे, पाणी तिसऱ्या जेमतेम बुडतील एवढेच. खोल पाण्यात हवा कमी पडते. तळाशी चाळणी उलटी ठेवून तिच्यावर तिसऱ्या पसराव्यात, नाही तर एकीने सोडलेली वाळू दुसरी ओढून घेते. वर कापड टाकून अंधार करावा. दोन-तीन तास पुरतात. मग पाणी ओतू नये, तिसऱ्या हाताने उचलून घ्याव्यात, वाळू तळाशी राहते.

यापुढे चिखलाची तिसरी. प्रत्येक खेपेत एखाददुसरे कवच असे निघते की आतला जीव कधीच गेलेला, आत खाडीचा काळा गाळ ठासून भरलेला आणि दोन्ही झाकणे घट्ट चिकटलेली. बाहेरून ती इतरांसारखीच दिसते, वजनाला उलट जास्त भरते. सगळ्या तिसऱ्या एकदम टोपात घालून वाफ दिली, की हीही उघडते आणि पुरा टोप वाया जातो. कितीही धुतले तरी दाताखाली कचकच राहते. घाईत करणाऱ्यांचे सुके बहुधा इथे बिघडते आणि दोष कोळणीला मिळतो. यावर खात्रीचा उपाय जुनाच आहे, एक एक करून विळीवर फोडणे. तिसरी उभी धरून दोन झाकणांच्या फटीत विळीचे पाते घालायचे आणि दाबत फिरवायचे. आत दोन टोकांना दोन स्नायू असतात, ते कापले गेले की झाकणे आपोआप सैल होतात. मांस खरवडून एका झाकणात घ्यायचे, दुसरे रिकामे टाकून द्यायचे. चिखलाची तिसरी इथेच हाती लागते. अशा एका झाकणातल्या मांसाच्या सुक्याला एकशिपी म्हणतात. आपल्या पाककृतीत हा शब्द यायला हवा होता, कारण सगळा वाद त्यातच मिटतो: एकशिपी म्हणजे एका शिंपीसकट. शिंपी कवचाची, खाणे तिसरीचे. भाषेने दोघांची वाटणी किती नेमकी केली आहे पाहा.

विळीची सवय नसेल त्यांनी धुतलेल्या तिसऱ्या दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. स्नायू ढिले पडतात, तोंडे किलकिली होतात आणि साध्या सुरीने काम होते. बोटे वाचतात, चव थोडी उतरते. फोडताना खाली पातेले ठेवावे. आतून निघणारे पाणी फेकायचे नसते, सुक्याची अर्धी चव त्यात आहे. ते पातळ फडक्यातून गाळावे आणि तळाचा शेवटचा घोट टाकून द्यावा. हे पाणी मुळात खारे असते. आपली पाककृती कांदा परततानाच ‘मीठ चवीनुसार’ घालायला सांगते, तेव्हा चव घ्यायला टोपात काहीच नसते. मीठ सगळ्यात शेवटी, आणि बऱ्याचदा लागतच नाही.

किलोभर तिसऱ्यांना तीन मोठे चमचे तेल, दोन मध्यम कांदे बारीक चिरून, आले-लसणाचे वाटण एक चमचा, हळद अर्धा चमचा, मालवणी मसाला दोन चमचे, वाटीभर ओले खोबरे आणि चार-पाच आमसुले. कांदा लालसर होऊ द्यावा, वाटण आणि मसाला परतावा, गाळलेले पाणी घालून उकळी आणावी, मग एकशिप्या घालून झाकण ठेवावे. खोबरे आणि आमसुले उतरवण्याच्या थोडे आधी. गरम मसाल्याची घाई करू नये, तो तिसरीचा वास दाबून टाकतो.

शिजवायचे किती, यावर दोन टोके आहेत. जास्त शिजली की तिसरी रबरासारखी होते, कारण तिचे मांस बहुतेक स्नायूंचेच आणि ते आक्रसत जाते. म्हणून काही जण तोंड उघडले की लगेच उतरवतात. हे दुसरे टोक धोक्याचे आहे. तिसरी खाडीचे पाणी गाळून जगते. पाण्यात जे असेल ते तिच्या पोटात साठते, त्यात गावाचे सांडपाणीही आले. १९८८ साली शांघायमध्ये अर्धेकच्चे शिंपवर्गीय मांस खाल्ल्याने कावीळ अ ची साथ आली आणि सुमारे ३ लाख लोक आजारी पडले. तिथे ते उकळत्या पाण्यात जरा बुडवून खाण्याची पद्धत होती. तोंड उघडण्यासाठी जेवढी उष्णता लागते, तेवढ्याने हा विषाणू मरत नाही. आतले मांस ९० अंशांवर दीड मिनिट राहायला हवे. घरच्या हिशेबात सांगायचे तर कवचासकट शिजवताना तोंडे उघडल्यावर आणखी तीन ते पाच मिनिटे खळखळ उकळू द्यावे, एकशिपी असेल तर उकळी आल्यापासून पाच मिनिटे. एवढ्याने रबर होत नाही. वीस मिनिटांनी होते. पावसाळ्यात ही काळजी दुप्पट घ्यावी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, लोक खाडीकडे वळतात, आणि नेमका तेव्हाच गावाचा सगळा गाळ-मैला पावसाच्या पाण्याबरोबर खाडीत उतरलेला असतो. मुसळधार पावसानंतर चार-आठ दिवस तिसऱ्या न खाल्लेल्याच बऱ्या.

शिजवूनही न जाणारा एक धोका आहे आणि तिथेही बातम्यांतला शब्द चुकतो. समुद्रात काही सूक्ष्म वनस्पती एकदम वाढतात, तिसऱ्या आणि शिनाणे त्या गाळून खातात आणि त्यांच्यातले विष अंगात साठवतात. ओठ-जीभ बधिर होणे, मुंग्या येणे, मग हातपाय आणि शेवटी श्वास लुळा पडणे असा त्याचा क्रम. १९८३ साली मंगळुरूच्या दक्षिणेला कुंबळे खाडीतल्या तिसऱ्या खाऊन अशी विषबाधा झाली होती, त्यात एक मुलगा दगावला. ती जात मेरेट्रिक्स कास्टा, आपल्या खाड्यांतही मिळणारी. अशा बातमीचे भाषांतर ‘मासे खाल्ल्याने विषबाधा’ असे केले, की दुसऱ्या दिवशी बांगडा विकणारीची टोपली भरलेली राहते आणि तिसऱ्या काढणे मात्र थांबत नाही. पाणी गाळून खाणारे दोन झाकणांचे जीव, एवढे तरी लिहावे.

‘ऑयस्टर’ या शब्दाचे आपल्याकडे जे होते ते याच्या उलट. इथे इंग्रजी शब्द ढोबळ आहे आणि मराठी नेमकी. इंग्रजीत खायचे ऑयस्टर आणि मोत्याचे ऑयस्टर एकाच नावाचे, पण ही दोन वेगळी घराणी आहेत. मन्नारच्या आखातात आणि इराणच्या आखातात ज्यातून मोती काढत, तो पिंक्टाडा. खडकावरच्या कालवाशी त्याचे नाते दूरचे. मराठीत खायचे ते कालव आणि मोत्याचा तो शिंपला, असे आधीच वेगळे आहे. तरीही ‘कालवातून मोती’ असे भाषांतर येते. शेततळ्यात मोत्यांची शेती करणाऱ्यांच्या बातम्यांत तर समुद्राचाही संबंध नसतो. तिथे गोड्या पाण्यातला लॅमेलिडेन्स असतो, ज्याचे तंत्र भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने विकसित केले. तो ना ऑयस्टर ना कालव, तो नदीचा शिंपला. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी बसवलेल्या अर्धपारदर्शक चकत्या हेही वेगळ्याच जातीचे कवच. तिथे शिंपल्यांच्या खिडक्या म्हणणे अगदी बरोबर. आणि ऑयस्टर मशरूमला ‘शिंपला मशरूम’ म्हणून शाकाहारी वाचकांना उगाच बिचकवू नये. धिंगरी अळंबी हा चांगला शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी आहे.

नावे नेमकी असली की व्यवस्थापनही नेमके करता येते, याचे उदाहरण केरळात आहे. कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरातली तिसरी, म्हणजे आपली पॅफिया मलबारिकाच, तिच्या मासेमारीला २०१४ मध्ये शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतातली ती पहिली मासेमारी. नियम साधे आहेत: डिसेंबर ते फेब्रुवारी काढायची नाही, कारण तो तिच्या अंडी घालण्याचा काळ, आणि जाळ्याची वीण ३० मिलिमीटरपेक्षा बारीक नको, म्हणजे लहान तिसरी गळून परत पाण्यात पडते. आपल्या वाट्यात अलीकडे नखाएवढ्या तिसऱ्या दिसतात. त्यांत मांस डाळीच्या दाण्याएवढे. घेणाऱ्यानेच त्या नाकारल्या तर काढणारीला त्या आणण्याचे कारण उरत नाही. पुरवणीत ‘शिंपले’ न लिहिता ‘तिसऱ्या, सुपारीपेक्षा मोठ्या’ असे लिहिले असते तरी काम झाले असते.

दुरुस्ती छापायची असेल तर मजकूर पुढीलप्रमाणे घ्यावा. पहिल्या लेखासाठी: “‘शिंपल्यांची ॲलर्जी’ऐवजी ‘कोळंबी-खेकडे आणि तिसऱ्या-कालवे यांची ॲलर्जी’ असे वाचावे. कोळंबीत जवळा, करंदी, सोडे यांचाही समावेश आहे. शिजवल्याने ही ॲलर्जी टळत नाही.” पाककृतीसाठी: “‘शिंपले अर्धा किलो’ऐवजी ‘तिसऱ्या (शिवल्या, मुळे) कवचासकट एक किलो’ असे वाचावे. साध्या पाण्यात रात्रभर न ठेवता मिठाच्या पाण्यात दोन ते तीन तास ठेवाव्यात. मीठ शेवटी, चव पाहून.” दुसरी दुरुस्ती येत्या रविवारी चालेल. पहिली मात्र रविवारची वाट न पाहता उद्याच्या अंकात, पहिल्या पानावर घ्यावी.

आपला,
एक नियमित वाचक, वेंगुर्ले